फक्की

कमानीवर लिहिलंय 'बहुउद्देशीय क्रीडासंकुल',
त्यातलं 'द्दे' दोन पावसाळ्यांपूर्वी गळालं,
पालिकेनं अजून बसवलं नाही.
मला चालतं. कुठल्या दिवशी कुठला उद्देश
ते मी फक्कीनं जमिनीवर लिहितो.

सोमवारी फुटबॉल, बुधवारी शाळांचा खो-खो,
शनिवारी खराडीचे आयटीवाले,
त्यांचं प्रत्येक वाइडवरून भांडण.
मधेच कुणाचा तरी वाढदिवस; तेव्हा रेघा नकोत, मंडप हवा,
आणि पुढचा आठवडाभर मी गवतातून खिळे वेचतो.
एका वर्षी खाटा होत्या. एकशे दहा.
त्यांचे चौकोनही मीच आखले.
त्यावर बोलत नाही.

नीट बघितलं तर हॉकीच्या डीखालून
कबड्डीची बोनस रेघ अजून दिसते.

माप सुतळीचं.
उस्ताद पानसऱ्यांनी गाठी मारून दिलेली,
ओली झाली की आखडायची, उन्हात सैल पडायची.
पावसाळ्यात माझी वर्तुळं कंजूष,
एप्रिलात दिलदार.
पंचवीस वर्षं कुणाची तक्रार नाही.

मग जानेवारीत मोरिता साहेब आले.
चाकणच्या कारखान्यातल्या जपानी कुटुंबांचा खेळदिन,
रस्सीखेच, उंच टोपलीत चेंडू टाकायचा खेळ,
आज्यांसाठी वेगळी शर्यत.
आदल्या संध्याकाळी ते एकटेच मैदानभर फिरले,
माझ्या रेघेपाशी उकिडवे बसले,
बोटानं फक्की चाचपली, पिठाची चाचपतात तशी.
दुभाषी मुलगी कोथरूडची. म्हणाली,
साहेब म्हणतात, त्यांच्या गावच्या स्टेडियममध्येही
सगळेच खेळ होतात, रात्री गाणीसुद्धा,
आणि रेघा तिथेही एकमेकींत गुंततात.
मी म्हटलं, गुंतणारच.
जाताना ते पोलादी टेप विसरले.
पिवळी, पन्नास मीटरची, मिलिमीटरसुद्धा ठळक.
फोन केला तर म्हणे, राहू दे.
सुतळी मी खिळ्याला टांगली.

फेब्रुवारीत पोलीस भरती.
पहाटे चारपासून मुलींची रांग थेट कालव्यापर्यंत,
छातीवर नंबर, हातात चपला.
चौदाशे बावीस नंबर माझी यशोधरा.
पालिकेचा माणूस म्हणून मला आत राहता आलं,
बाप म्हणून आतूनच लांब उभा राहिलो.
आठशे मीटर चांगलं गेलं. शंभर मीटरही.
मग गोळा.
वर्तुळ आदल्या रात्री मीच काढलेलं,
बॅटरीच्या उजेडात, मोरिता साहेबांच्या टेपनं,
आतून आत दोन मीटर एकशे पस्तीस मिलिमीटर,
केसाचाही फरक नाही.
कसा अभिमान वाटला होता मला!

तिसरी फेक. गोळा लांब गेला,
एवढा लांब की मैदानात कुणीतरी 'अरे' म्हणालं.
हवालदारानं लाल झेंडी वर केली.
यशो खाली बघत होती.
उजव्या बुटाच्या टोकाला फक्की.

उन्हाळ्यातली सुतळी असती तर,
हे मी तिला सांगितलं नाही.
रात्री भाकरी मोडताना तीच म्हणाली,
पप्पा, रेघ बरोबर होती.
आणि ताट घेऊन मोरीत गेली.
नळ बराच वेळ चालू होता.

आठवडाभर मी टेप पेटीतून काढली नाही.
व्हॉलीबॉलचं कोर्ट पावलांनी मोजून काढलं,
एक बाजू वाकडी आली, पंच हसले.

काल सहा वाजता, दिवे लागायच्या आत,
ती जुन्या बुटांत मैदानावर आली.
गोळा काखेत, केस घट्ट.
म्हणाली, पप्पा, ती पिवळी टेप आणा.
मला वर्तुळ काढून द्या,
पण एक बोट लहान.
मी म्हटलं, लहान कशाला?
म्हणाली, तुम्ही काढा तर.

केंद्रात खिळा ठोकला. एक हजार पन्नासचा आकडा
दोनदा वाचला.
गुडघे दुखत होते, वारा पश्चिमेचा,
फक्की थोडी उडून माझ्याच पायांवर बसली.
कडेला मांडववाले बांबू उतरवत होते,
उद्या कुणाचं तरी लग्न आहे.