व्हॅक्यूम

केमी गावातल्या आमच्या गल्लीत
सगळ्यात स्वच्छ घर आमचं, असं सगळे म्हणायचे.
पेल्टोलाबाई भिंतीपलीकडून लेकीला सुनवायच्या,
इर्मेलीकडून शीक जरा!
रात्री अकरालासुद्धा आईचा व्हॅक्यूम घरघरत असायचा.
मी निबंधात लिहिलं, माझ्या आईला धूळ सहन होत नाही.
बाईंनी नऊ मार्क दिले.

एवढं करून सोफ्याखाली धूळ कशी,
हे कोडं पडलं फक्त योउनीला.
सात वर्षांचा होता. इंजिनियर व्हायचं होतं त्याला.
एका दुपारी त्यानं यंत्राचं झाकण उघडलं :
आत पिशवी नव्हतीच.
पायमोज्यात गुंडाळून आडवी निजवलेली बाटली,
बाळंतिणीशेजारच्या तान्ह्यासारखी.
त्यानं झाकण लावलं
आणि अकरा वर्षं कुणाला काही बोलला नाही.

मंगळवारी चर्चमागच्या खोलीत आम्ही आठजण बसतो.
कॉफी पातळ असते. वेलदोड्याचे पाव मात्र चांगले.
इथं कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, एवढाच नियम,
आणि उर्हो तो दर आठवड्याला मोडतो.
सात महिने मी नुसते पाव खाल्ले.
मग एकदा तोंडातून निघून गेलं,
आमच्याकडे व्हॅक्यूम होता, पण तो ओढायचा नाही,
नुसता ओरडायचा.

उर्होनं आधी कप खाली ठेवला.
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर तीस वर्षं काढलेला माणूस,
खांदे गदगदा हलायला लागले.
म्हणाला, माझी बायको गोठलेल्या समुद्रात भोक पाडून
दोरीला बाटली बांधून सोडायची.
मी गळ टाकून बसलो होतो शेजारी.
जन्मात एवढा मोठा मासा लागला नाही मला!
मग कवळी सावरत तो हसला, आणि माझी मुरकुंडी वळली,
पोट धरून, नाक पुसत,
कुणाच्या तरी मयतात हसावं तशी.

घरी जाताना लाज वाटली.
तिच्यावर हसले का मी?
हॉटेलात सकाळी सफाईचं मशीन सुरू झालं
की अजून पोटात गोळा येतो माझ्या.
योउनी ओस्लोत आहे. फोन उचलत नाही.
त्याला ही गोष्ट विनोदी वाटत नाही,
आणि त्याचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

चौदा महिने झाले आई प्यायलेली नाही.
घर मळलंय. फडताळावर बोटानं नाव लिहावं इतकं.
काल, भर दुपारी, पडदे उघडे ठेवून
तिनं नवा व्हॅक्यूम काढला.
मी बटाटे सोलत होते.
आणि नळीत काहीतरी खण्णकन वाजलं.

दोघी थांबलो.
माझ्या हातातली सुरी थांबली, साल अर्धी लोंबत.
तिनं बटण बंद केलं.
गुडघ्यावर बसली, हळूच, दोन्ही हात टेकून,
झाकण उघडलं, पिशवी फाडली
आणि राखाडी ढिगात कोपरापर्यंत हात घालून
शोधत राहिली.
हिरवी गोटी. योउनीची असणार, कुठल्या फटीतून निघाली देव जाणे.
ती तिनं उजेडात धरली, मला दाखवली,
जशी कस्टमवाल्याला दाखवतात.

रिकामी आहे, म्हणाली.
गोटी होती ती. रिकामी काय असणार!
आधी हसू तिला फुटलं.
भुवयांवर धूळ, केसांत धूळ,
सबंध गालिचाभर धूळ.

बटाटे करपले.
गोटी मी पाकिटात घालून ओस्लोला पाठवली आहे.
चिठ्ठी लिहायला घेतली होती. राहिली.