जाम दरवाजा, उतार

राजेंद्रनगरातून निघाले
तेव्हा गेटचं कुलूपसुद्धा गार होतं.
महूपर्यंत दिवा लावून,
पुढे दिवा विझवून, गव्हाच्या हिरव्यातून,
जिथली कुत्री आता मला ओळखतात
आणि भुंकायचं म्हणून भुंकतात.

मुळ्यांचा नियम साधा :
दरवाज्याच्या दगडाला हात लावायचा,
थर्मासमधला चहा संपवायचा, मागे फिरायचं.
«उतरलेलं सगळं चढावं लागतं, कुमुदताई.»
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली त्यांची.
पाणी वर परतत नाही
हे त्यांनी सहीशिक्क्यानिशी पाहिलंय.

नऊ हिवाळे हात लावला.
नऊ हिवाळे निमाड खाली धुक्यात,
आपल्यासाठी नसलेल्या
झाकल्या ताटासारखं.

आज मुळ्ये नाहीत. गुडघा.
दगडाला हात लावला
आणि चहा काढलाच नाही.

पहिल्या वळणावर ब्रेक किंचाळले,
दुसऱ्यावर मी.
सागाची वाळकी पानं
पापडासारखी खरखरत माझ्याबरोबर धावली,
एक तर पुढेच निघून गेलं.
वारा इतका, की डोक्यातला हिशेब ऐकू येईना :
गॅसचा नंबर, नणंदेचं बोलणं, किती किलोमीटर.
आणि कुठल्याशा वळणावर माळवा संपला.
दार लोटून तापल्या स्वयंपाकघरात शिरावं
तसं ऊन अंगावर आलं.

खाली हापशावर एक मुलगी कॅन भरत होती.
तिने माझं हेल्मेट बघितलं, मग घाट,
मग पुन्हा मला,
आणि कॅन पुढे केला.

चढ.
पहिलं वळण अब्रूने.
दुसरं उतरून.
तिसऱ्यावर सायकल मला धरून उभी.

मिरचीचा टेम्पो थांबला. सुखलाल म्हणाला,
«मॅडम, पीछे जगह है, पर छींक आएगी.»
लाल पोत्यांवर सायकल आडवी,
सायकलवर मी तिरपी,
दर वळणाला दोन शिंका.
नऊ वर्षं वरून पाहिलेली दरी
डोळे पुसत पुसत उलटी पाहिली :
मी उतरले तो रस्ता
कुणीतरी गुंडाळून घेत होतं.

दरवाज्यापाशी त्याने पैसे घेतले नाहीत.
ओंजळभर मिरच्या दिल्या.
जर्सीच्या मागच्या खिशात घातल्या,
घरापर्यंत पाठ चुरचुरत राहिली.

संध्याकाळी मुळ्यांचा फोन.
«हात लावला?»
«लावला.»
«तिथूनच फिरलात ना?»

नेमकी तेव्हाच शिंक आली.

«थंडी बाधली वाटतं,» ते म्हणाले.