तीन मिलिमीटर काच

भोसरीत, जे ब्लॉकच्या शेवटच्या शेडमध्ये
अजून एकशे चाळीस काचा उभ्या आहेत,
मध्ये वर्तमानपत्रं घालून, भिंतीला टेकून.
ऑर्डर पाषाणहून आली होती, म्हाळगी मॅडमची.
जाडी तीन मिलिमीटर. कडा बिनचूक.
दोन काचांमध्ये दोन मिलिमीटरची फट,
फटीत वायू, काचांवर वीज,
आणि मग वाट बघायची.

कशाची, ते मी विचारलं नाही.
आम्ही शोकेसवाले, माशांच्या टाक्यांवाले,
ॲडव्हान्स जमा झाला की आमचे प्रश्न संपतात.
विचारलं ते इस्माईल मुजावरने,
हातातली हिरकणी खाली न ठेवता.

मॅडम म्हणाल्या, अंगठ्याचं नख दाखवा.
दाखवलं. काळं पडलेलं, कधीतरी ठेचलेलं.
"यातून सेकंदाला साठ अब्ज न्यूट्रिनो जातात.
सूर्यातून निघालेले."
"आणि लागत नाहीत?"
"लागत नाहीत."
"मग रात्री तरी बरं. सूर्यच नाही."
"रात्री खालून येतात.
अख्खी पृथ्वी ओलांडून, तुमच्या खाटेतून वर."

दुसऱ्या दिवशी इस्माईल तासभर उशिरा आला.
म्हणाला, पाठीला गुदगुल्या होत होत्या.

चहाच्या वेळी त्यांनी एक जुनं भांडण सांगितलं.
सूर्य पाठवायचा तीन, मोजणीत भरायचा एक.
तीस वर्षं कधी मोजणाऱ्यावर संशय,
कधी थेट सूर्यावर.
शेवटी निघालं काय, तर चोरी झालीच नव्हती.
ते वाटेत रूप बदलत होते
आणि दारावरचा माणूस एकच चेहरा ओळखत होता.
"बदलतात, म्हणजे वजन आहे," मॅडम म्हणाल्या,
"किती, ते अजून कुणाच्या काट्यावर आलेलं नाही."
इस्माईलने ते बिलबुकाच्या मागे लिहून घेतलं:
बदलतात म्हणजे वजन आहे.
खाली चहाचे सव्वीस रुपये.

डोंगर मिळाला नाही.
ज्याच्या पोटात हे सगळं बसवायचं होतं
त्या डोंगराच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.
उरलेले पैसे आले नाहीत.
इस्माईल गेला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत,
वायसीएममध्ये, आम्हाला काचेपलीकडूनही दिसला नाही.

मार्चमध्ये मॅडम निवृत्त झाल्या आणि काचा बघायला आल्या.
एक काच बोटाने पुसली.
मग म्हणाल्या, ते आपल्या अंगातूनही निघतात बरं का,
हाडामांसातल्या पोटॅशियममधून, दिवसाला काही कोटी.
परत येत नाहीत. कुठे अडतही नाहीत.

त्या गेल्यावर मी बिलबुक काढलं.
काचा कापल्या त्याला नऊ वर्षं झाली.
व्याधापर्यंत उजेडाला लागतात साडेआठ, नातवाच्या पुस्तकात आहे.
म्हणजे त्या उन्हाळ्यात इस्माईलच्या मनगटातून सुटून
जे त्या बाजूला गेले असतील
ते व्याध मागे टाकून पुढे गेले.
मी दोनदा तपासलं.
हिशेब बरोबर आहे.

आज भंगारवाला आला होता.
काचांना टिचकी मारून म्हणाला, शेठ, वजन किती भरेल?
आहे, मी म्हटलं.
तो टेम्पोतून काटा आणायला गेला.
मी शेडचं शटर ओढून घेतलं.