काळी टिकली

राकसकोपच्या भिंतीवरची तपकिरी बुळबुळ
निंगाप्पानं टूथब्रशनं खरवडून
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणली.
"एवढ्यासाठी सायकल मारली होय सर?"

सरळ उजेडात काहीच नव्हतं.
पाण्यात पाणी, काचेत काच.

मग एका जुन्या एक्स-रेचा काळा कोपरा
(वडिलांची छाती, सिव्हिल हॉस्पिटल, मार्च शहाण्णव)
आठ आण्याएवढा गोल कापला, दुहेरी,
आणि कंडेन्सरखाली मधोमध बसवला.
तीनदा घसरला.
चौथ्यांदा मधला उजेड अडला,
कडेचा तेवढा तिरका आत शिरला
आणि मिट्ट काळोखात
डायाटम पेटले.

एकेकाच्या अंगावर रेघा,
शहापूरच्या मागावर कुणी
केसाचे शंभर भाग करून विणाव्यात तशा.
मोजायला वाकलो तर
माझ्याच श्वासानं त्या पुसट झाल्या.

निंगाप्पानं एक डोळा मिटला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "दोणी."
मी वहीत होडी लिहिलं,
त्यानं वाचून मान हलवली, हो की.

अर्ध्या सेकंदाचा फोटो.
तेवढ्यात हिंडलग्याच्या रस्त्यावरून
उसाचा ट्रॅक्टर गेला, टेबल थरथरलं.

पुढचे सहा फोटो स्वच्छ आले.
भिंतीला मात्र हाच लावलाय :
यात रेघा दिसत नाहीत,
ट्रॅक्टर दिसतो.