दाराची खालची कड

आधी दिसते पांढरी पूड.
मग हिरव्या रंगाखाली फोड येतो,
बोटानं दाबावा तर आत दार नसतंच.

शेटलंडच्या वाऱ्याला बारा महिने मीठ.
ते पोलादी चौकट आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा
यांच्या मधे जाऊन बसतं,
दोघांचे कान भरतं.
झिजतो पत्रा. दर वेळी पत्राच.

गिबी म्हणाला, ओस्ला, नवं दार मागव,
बुधवारच्या बोटीनं येईल.
बुधवारची बोट तीन आठवडे आली नव्हती.
आणि हे दार रॅस्मीनं हातानं रंगवलेलं,
ब्रशचे दोन केस अजून रंगात चिकटलेत.

पहिलं भोक माझ्या हातून वाढलं.
लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं,
बाई, आता पुरे.
हा सांगत नाही.
होता तसाच रुपेरी राहतो, राहतो,
आणि एकदम जमिनीवर असतो, थेंब होऊन.
बटणाएवढ्या भोकाची बशी झाली.

रॅस्मीपण असाच. मेंढ्यांना चारा टाकून आला,
गमबूट दाराशी काढले, चहा मागितला,
चहा होईस्तोवर—
राहू दे ते.

साबणाची युक्ती स्कॅलोवेच्या धक्क्यावरच्या वेल्डरची.
भोकापासून बोटभर लांब वडीनं रेघ ओढायची,
ज्योत सारखी हलती ठेवायची.
रेघ बदामी होते, मग तपकिरी.
धातूच्या वतीनं साबण बोलतो.

त्याआधी घासणं. त्याचा ब्रश वेगळा,
दुसऱ्या कशाला लावायचा नाही.
घासून हात झटकेपर्यंत
पत्र्यावर नवी कातडी आलेली असते,
दिसत नाही, पण असते.

सळई ज्योतीत धरायची नाही
(हे कळायला तीन सळया गेल्या).
पत्रा तापवायचा, सळई नुसती टेकवायची.
त्याच्या मनात नसेल तर ती गोळी होऊन
घरंगळते, माझ्या चपलेवर येते.
मनात असेल, आणि टोकानं
त्या चिमुकल्या तळ्याच्या बुडाशी खरवडत राहिलं,
तर कुठेतरी ती कातडी फाटते
आणि सळई तव्यावरच्या तेलासारखी पसरते.
भोक होतं तिथे नुसती चकाकी.

अशी नऊ भोकं. दोन दिवस.
तीनलाच अंधारायचं, म्हणून दिवसही तोकडे.
कानस मारली. दारात किटलीभर पाणी ओतलं
आणि टॉर्च घेऊन खाली आडवी झाले.
बराच वेळ काही नाही.
मग एक थेंब. भलत्याच जागेवरून.
दहावं भोक, टाचणीचं.

आता चौकट आणि पत्रा यांच्या मधे
रबराची पट्टी हवी, नाहीतर पुन्हा तेच.
दुकानात मिळते.
मी रॅस्मीच्या उजव्या गमबुटाची कापली.
डावा दाराशी आहे तिथेच आहे.

गिबी उभा होता, बघत.
पट्टी बघितली, बूट बघितला,
खिशातून हात काढले, परत घातले.
म्हणाला, बुधवारी बोट येणार म्हणतात.
म्हटलं, येऊ दे.