वीस मिनिटं

स्मशानातलं दालन वीस मिनिटांसाठी मिळतं.
एकविसाव्या मिनिटाला पुढचं कुटुंब
दाराबाहेर छत्र्या झटकत उभं असतं.
तेवढ्यात माणूस आवरायचा.
हे माझं काम. सतरा वर्षं झाली.

लाउझित्सच्या या कोळशाच्या मुलखात
पाद्री बोलावणारे थोडे.
बाकीचे मला फोन करतात, जरा चाचरत:
"आमच्याकडे तसं काही नाही हो."
तसं काही नाही.
श्रद्धेबद्दल इकडे एवढंच बोलतात,
चहात साखर नको म्हणावं, तितक्या सहज.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसते, वही उघडते.
एगोन नोआक. खाणीत अजस्र खोदयंत्र चालवायचा.
आपल्या आजोळचं गाव त्यानंच खणून काढलं,
चर्चसकट. आता तिथे तळं आहे,
उन्हाळ्यात पोरं पोहतात.
बायको सांगते, "मनोरा पाडला त्या संध्याकाळी
नेहमीसारखा जेवला. बटाटे दोनदा वाढून घेतले."
मी लिहिते. खोडते. परत लिहिते.
तो आता चांगल्या ठिकाणी आहे,
असं म्हणायची मला सक्ती नाही. सुटले.
तो कुठेच नाही.
तो होता,
आणि तेवढं पुरतं का, ते पाहायला
वीस मिनिटं.

एरवी बरं चाललेलं असतं, खोटं कशाला बोलू?
माझी लेक कधी रात्री दचकून उठली नाही
वरून कुणी बघतंय म्हणून.
रविवारी आम्ही उशिरापर्यंत लोळतो.
चूक केली तर जिची केली तिच्याच दारात जायचं,
मध्ये दलाल नाही.
म्हणून तर माफी महाग पडते.
सख्ख्या बहिणीशी मी अकरा वर्षं बोललेले नाही,
आणि "जा" म्हणणारं
वर कुणी नाही.

एकदा पेटी फार लहान होती.
बाप मला बाहेर घेऊन गेला, म्हणाला,
"मला कुणाला तरी शिव्या घालायच्यात.
कुणीच नाही."
वही चाळली. त्याच्यासाठी काही नव्हतं तीत.
त्यानं कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली.
मग मीही घातली.
डबा महापालिकेचा. पोचा अजून आहे.

आणि गेल्या मार्चात माझा रिपोर्ट आला:
गाठ साधी.
डॉक्टरांचे आभार मानले, नर्सचे मानले,
लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्याचेसुद्धा.
तरी उरलेच. घशाशी आलेले,
पत्ता नसलेल्या पाकिटासारखे.
गाडीतळाच्या फाटकाशी यंत्रात तिकीट सरकवलं
तर पडद्यावर अक्षरं उमटली:
धन्यवाद. सुखरूप जा.
मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.
मागचा भोंगा वाजवत होता.
बरोबरच होतं त्याचं.

परवा नोआकचं झालं.
खोदयंत्र सांगितलं, तळं सांगितलं,
मुलीच्या लग्नात तो बूट विसरून गेला तेही.
बटाट्यांपाशी लोक हसले. मग हसू थांबलं,
कारण मनोरा सगळ्यांनाच आठवत होता.
सतराव्या मिनिटाला मी गप्प झाले,
शेवटी थोडी शांतता ठेवते मी,
ती काही कशाची नक्कल नाही.
म्हणजे, नसावी.

पहिल्या रांगेत त्याच्या बायकोची बोटं
मांडीवर आपोआप एकमेकांत गुंतली,
आजीनं कधीतरी गुंतवून दिली असतील तशी.
तिनं खाली पाहिलं.
ओशाळली.
एकेक बोट सोडवून
हातमोजे चढवू लागली.

मी कागद आवरण्यात
गुंतल्यासारखं केलं.
बाहेर छत्र्या झटकल्याचा आवाज आला.