आडवा बाण

फळा तसा लहानच. समुद्र त्यात मावत नाही,
म्हणून खालची एक पट्टी निळ्या खडूनं रंगवली,
वर सूर्य, सूर्याच्या डाव्या हाताला ढग,
आणि बाण : समुद्रातून वर, ढगातून खाली,
डोंगरावरून नदी, नदीतून पुन्हा समुद्र.
वर्तुळ पुरं झालं. मी हात झटकले.
समोर अकरा मुलं,
पहिलीपासून सहावीपर्यंत एकाच खोलीत.

मी दक्षिणेची, वाल्दिव्हियाकडची. आमच्याकडे पाऊस
छपरावर आठ आठ दिवस मुक्काम ठोकतो.
ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून शाळेत जायचं,
संध्याकाळी बातम्या तळपायाला चिकटलेल्या.
या वाळवंटाच्या कडेला बदली झाली
तेव्हा सामानात छत्री होती.
अर्धं गाव ती उघडून बघायला आलं.

येर्कोनं हात वर केला.
"बाई, तो बाण चुकलाय."
कुठला?
"ढगातून खाली येणारा. तसं होत नाही."
उठला, बाहीनं पाऊस पुसून टाकला,
मासा खवलतात तसा, दोन झटक्यांत,
आणि आडवा बाण काढला, समुद्रावरून थेट डोंगरावर.
डोंगराच्या माथ्यावर बारीक बारीक चौकटी.
"ढग पडत नाही. चालत येतो. आम्ही त्याला धरतो."

खरंच धरतात.
पहाटे कामान्चाका येते. इथल्या धुक्याचं हे नाव.
उशिरा घरी आलेल्या बाईसारखी,
चपला हातात घेऊन, कुणाला न उठवता,
आणि वर दोन खांबांत ताणलेल्या जाळ्यात अडकते.
सगळी नाही. पदराचं टोक तेवढं.
धागा जड होतो, थेंब शेजारच्या थेंबाला हाक मारतो,
मग पन्हळ, नळी, टाकी.
बाप खाली मासे धरतात, आया वर पाणी.
जाळं फाटलं तर सुई दोघांची एकच.

टँकर गुरुवारी येतो. येतो म्हणतात.

मग इस्मेनिया. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.
"म्हणजे माझ्या पेल्यातलं पाणी आधी समुद्रात होतं?"
होतं.
"याच समुद्रात?"
याच.
"बाबांची होडी आहे त्या?"

बाकीची दहा मुलं आपापल्या वहीत बघू लागली.
वर पत्र्यावर एक कुरव चालत होता,
त्याच्या नखांचा आवाज.
पुस्तकात होतं : बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य.
तिन्ही शब्द मला पाठ.

म्हटलं, वर फक्त पाणी जातं, इस्मे.
मीठ जात नाही. दुसरं काहीच जात नाही.
खाली असतं ते खालीच राहतं.
बोलून झाल्यावर कळलं, काय बोलले ते.

ती विचार करत राहिली, जीभ दातांच्या फटीत.
"पण ते पाणी आधी त्यांच्यापाशी होतं ना?"
असेल.
असेल काय, हो, होतं.
"मग बरं."
बाटली उघडली, दोन घोट प्यायली,
आणि झाकण, एरवी विसरते ते, घट्ट लावलं.

नोव्हेंबरात जिल्ह्याहून प्रश्नपत्रिका आल्या.
प्रश्न चौथा : जलचक्राची आकृती काढा. बाण दाखवा. गुण चार.
अकरांपैकी एकाच्याही आकृतीत पाऊस नव्हता.
एकीच्या आकृतीत समुद्राच्या तळाशी होडी होती
आणि होडीतून निघालेला बाण,
पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावरचं गणितही त्यानं भेदलं होतं.
उत्तरसूचीत होडी नव्हती.
चारपैकी चार दिले.
तपासनीस विचारतील तेव्हा बघू.

छत्री आता वर डोंगरात असते,
पन्हळीचा सांधा गळतो तिथं, उलटी टांगलेली.
येर्कोची आई म्हणते, सकाळी तिच्यात
पेलाभर तरी निघतं.